अठरा पटीचा फंडा

नाशिककरांना गाडी पारखायला कुणी शिकवायला नको. 2002 साली स्कॉर्पिओ आली ती आपल्याच महिंद्राच्या प्लँटमधून. तिचं छोटं मॉडेल हातात आलं तर पार्किंगमध्ये जाऊन ताडून बघता येतं. घोळ होतो कन्सेप्ट कारच्या डायकास्टमध्ये. फोर्डची जीटी90 घ्या. 1995 ला डेट्रॉइटच्या शोमध्ये झळकली, शोरूममध्ये कधी आलीच नाही. ताडणार कशाशी? फोटोंशी, बस्स!

म्हणून मी सरळ 18 ने गुणतो. 1:18 मॉडेलच्या दाराला 1 मिलिमीटरची फट, म्हणजे खऱ्या गाडीत 18 मिलिमीटर. अशी गाडी कुठली कंपनी गेटबाहेर सोडेल? रंगाचंही तेच. खऱ्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण 0.1 मिलिमीटर भरतात. मॉडेलवरही तेवढाच जाड हात मारला, की कडा बुजतात आणि जीटी90 सारखी धारदार गाडी साबणाची वडी दिसते. (बऱ्यापैकी महाग पीसमध्येही हे बघितलंय.)

वजनाला मात्र भुलू नका. 'जड आहे, म्हणजे भारी आहे' हा दुकानदाराचा फंडा. डायकास्टचा धातू म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. त्यात शिशाची भेसळ झाली, तर काही वर्षांनी मॉडेल आतूनच फुगतं, तडकतं. सेकंडहँड पीस घेताना आधी उलटा करा, कडांशी तडे आणि रंगावर फोड शोधा. दिसले तर डब्यासकट परत द्या. तिथे फेविक्विक चालत नाही.