धडे दोन, पृथ्वी एकच



हवा वर, पाणी तिच्याखाली आणि खडक सर्वांत खाली, असे का? प्रश्न इतका साधा आहे, की तो विचारावा असे बहुतेकांच्या मनातही येत नाही. कोणी विचारलाच, तर उत्तर मिळते, "ते निसर्गतःच तसे आहे." पण 'निसर्गतःच' हे काही उत्तर झाले नाही. ती प्रश्न टाळण्याची एक सभ्य पद्धत झाली.

खरे उत्तर तुमच्या दप्तरातच आहे. मात्र ते दोन ठिकाणी अर्धे-अर्धे विभागलेले आहे. एका धड्यात शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण यांच्या व्याख्या असतात. दुसऱ्या धड्यात पदार्थांचे गुणधर्म असतात : घनता, द्रावणीयता, सच्छिद्रता, उष्णता धरून ठेवण्याची क्षमता वगैरे. पहिला धडा बहुधा भूगोलाच्या तासाला होतो, दुसरा विज्ञानाच्या. वही वेगळी, पेपर वेगळा आणि परीक्षेचा दिवसही वेगळा. मला असे ठामपणे वाटते, की हा एकच धडा आहे, आणि त्याचे दोन तुकडे करून शिकल्याने आपले मोठे नुकसान होते. ते नुकसान केवळ गुणपत्रिकेपुरते नाही. ते विहिरीपर्यंत कसे पोचते, हे पुढे सांगतोच.

प्रथम घनतेकडे वळू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी पेटी कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. तीत नेहमीची हवा भरली, तर तिचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम भरेल. गोडे पाणी भरले तर १,००० किलोग्रॅम, समुद्राचे पाणी भरले तर सुमारे १,०२५ किलोग्रॅम. आणि त्याच आकाराचा सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, घेतला तर जवळजवळ २,९०० किलोग्रॅम. आता हे आकडे वरून खाली पुन्हा वाचा. वातावरण, जलावरण, शिलावरण हा क्रम आपोआप लागला! गुरुत्वाकर्षण सर्वांनाच खाली ओढते. ज्याची घनता अधिक, तो तळाशी जातो. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यावर तेल ओतून दिवा लावतात, तेव्हा तेल मुकाट्याने वर राहते ना? पृथ्वीने तेच काम फार मोठ्या प्रमाणावर केले आहे.

तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी लगेच विचारील, "मग जमीन समुद्राच्या वर डोके काढून कशी उभी आहे?" शंका उत्तम आहे, आणि उत्तर पुन्हा घनतेतच आहे. खंडे ज्या खडकांची मुख्यतः बनली आहेत, त्यांची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट आहे; समुद्रतळाच्या खडकाची २.९ ते ३ पट. त्यांच्या खाली असलेले प्रावरण तर सुमारे ३.३ पट जड आहे. हलके लाकूड पाण्यात जसे अधिक वर राहते, तशी हलकी व जाड खंडे प्रावरणावर अधिक वर राहिली, आणि जड समुद्रतळ खोलगट राहिला. त्या खोलगट भागात पाणी साचले.

आता याच गुणधर्माने माणसाला पृथ्वीच्या पोटात डोकावू कसे दिले, ते पाहा. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचे अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. माणसाने आजवर पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला येथे आहे. त्याची खोली १९८९ साली १२ किलोमीटरांच्या थोडी पुढे पोचली. म्हणजे केंद्राच्या वाटेचा पाचशेवा हिस्सादेखील आपण उतरलो नाही. मग आत काय आहे, हे कळले कसे?

न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा अंदाज बांधला होता, की पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या पाच ते सहा पट असावी. पुढे १७९८ साली हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने शिशाच्या गोळ्यांमधील अतिसूक्ष्म आकर्षण मोजले आणि त्यावरून ही घनता काढली. ती आली पाण्याच्या जवळजवळ साडेपाच पट. आता तर्क करा. पायाखालचे खडक अडीच-तीन पट, आणि सगळी पृथ्वी मिळून साडेपाच पट. तेव्हा आतमध्ये खडकाहून कितीतरी जड असे काहीतरी असलेच पाहिजे. कुदळ न मारता, घराबाहेरही न पडता, केवळ एका गुणधर्माच्या आधारे हा निष्कर्ष निघाला.

दुसरा पुरावा भारताशी जोडलेला आहे. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा कसून अभ्यास केला आणि भूकंपाच्या निरनिराळ्या लहरी नोंदींमधून वेगळ्या ओळखल्या. अशाच नोंदींच्या आधारे १९०६ साली त्यांनी पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे दाखवून दिले. भूकंपाच्या लहरींपैकी एक प्रकार असा आहे, की तो फक्त घन पदार्थातून जाऊ शकतो, द्रवातून जाऊ शकत नाही. कारण द्रवाला स्वतःचा आकार नसतो. त्याला बाजूला सरकवले तर तो परत पूर्वस्थितीला येत नाही. 'द्रवाला स्वतःचा आकार नसतो' हे वाक्य तुम्ही पाचवी-सहावीतच घोकले असेल. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीच्या पुढे या लहरी पोचत नाहीत, म्हणून तेथे गाभ्याचा बाहेरचा भाग द्रवरूप आहे हे आपण जाणतो. पाचवीतल्या एका वाक्याने पृथ्वीचे अंतरंग उलगडले!

उष्णतेचीही हीच कथा. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत एक किलो दगड जवळजवळ पाच अंशांनी तापतो. म्हणून दुपारी कोकणच्या किनाऱ्यावरची वाळू चटके देते, आणि चार पावलांवरचे पाणी मात्र गार असते. जमिनीवरची तापलेली हवा विरळ होऊन वर जाते व समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला धावते. हेच खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे वाहू लागतात. भूगोलात तुम्ही यांची नावे पाठ केली आणि विज्ञानात उष्णतेची गणिते सोडवली. पण ती गणिते याच वाऱ्यांची होती, हे किती जणांच्या ध्यानात आले?

'आवरण' या शब्दानेही थोडा घोटाळा होतो. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी ही आवरणे एकमेकांपासून अलग असतील असे वाटते. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये भिंती नाहीत. हवेत पाण्याची वाफ आहे, पाण्यात हवा विरघळलेली आहे, आणि खडकाच्या भेगांत पाणीही आहे व हवाही. शून्य अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे साडेचौदा मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३० अंशाच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे निम्माच. भर उन्हाळ्यात उथळ तळ्यातले मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण असते. द्रावणीयता या गुणधर्मावर त्यांचा जीव अवलंबून असतो. जीवावरणाच्या व्याख्येत ही गोष्ट सापडणार नाही.

आता विहिरीकडे येतो. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरून तो तयार झाला. अखंड काळ्या दगडात पाणी जवळजवळ शिरतच नाही. ते मावते वरच्या झिजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि काही थरांतील बारीक पोकळ्यांत. तेव्हा आपल्या पायाखाली अमर्याद तळे आहे, आणि विंधन विहीर पुरेशी खोल नेली की ते लागतेच, ही समजूत आपल्या खडकाच्या गुणधर्माशीच विसंगत आहे. १९७२च्या दुष्काळानंतर राज्यात विंधन विहिरी मोठ्या प्रमाणावर पाडल्या गेल्या. त्यांनी पुष्कळांची तहान भागवली, हे खरेच. पण खडकात जे मुरले, तेवढेच वर येणार.

किती मुरते? साधा हिशेब करू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या जमिनीवर ६,००० घनमीटर, म्हणजे ६० लाख लिटर पाणी पडते. बेसाल्टच्या प्रदेशात त्याचा सुमारे दहावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी, खडकात मुरतो. म्हणजे ६ लाख लिटर. आता सेकंदाला पाच लिटर पाणी उपसणारा पंप लावा. तासाला १८,००० लिटर. एका हेक्टरात वर्षभर मुरलेले पाणी हा पंप ३४ तासांच्या आत उपसून टाकील!

मित्रहो, या हिशेबात गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे काहीही नाही. सातवीतल्या मुलाला किंवा मुलीला तो सहज येतो. तरीही गावोगाव आणखी खोल जाण्याची शर्यत चालू राहते. शेजाऱ्याच्या विहिरीची भेग आपल्या विंधन विहिरीने कापली, की त्याची विहीर आटते आणि भांडणे होतात. सच्छिद्रता एका वहीत आणि पाऊस दुसऱ्या वहीत राहिला, म्हणून हा हिशेब कोणी मांडतच नाही. नुकसान विहिरीपर्यंत पोचते, असे मी म्हणालो ते याच अर्थाने.

तुम्ही म्हणाल, "सर, परीक्षेत तर व्याख्याच विचारतात." विचारतात, आणि त्या तुम्हाला आल्याच पाहिजेत. व्याख्या म्हणजे शास्त्राची भाषा. भाषेवाचून विचार करता येत नाही. शिक्षकांचीही अडचण मला ठाऊक आहे : वेळ थोडा आणि अभ्यासक्रम मोठा. परंतु महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींना घनतेची व्याख्या विचारली की वर्गभर हात वर होतात, आणि "अंगणातल्या दगडाची घनता काढून आणा" म्हटले की ते हात हळूच खाली येतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. मोजायला न शिकवणारी व्याख्या ही कुलूप नसलेल्या किल्लीसारखी असते. ती खिशात वाजते खरी, पण दार काही उघडत नाही.

म्हणून येत्या सुट्टीत तीन गोष्टी करा. खर्च काहीच नाही.

पहिली : एक काळा दगड वजन करून घ्या. मापाच्या भांड्यात पाणी घेऊन त्यात तो बुडवा आणि पाणी किती मिलिलिटर चढले ते पाहा. ग्रॅमला मिलिलिटरने भागा. उत्तर तीनच्या जवळपास आले, तर कॅव्हेंडिशने केलेला तर्क तुम्हाला मनापासून पटेल.

दुसरी : एक कोरडी वीट आणि एक काळा दगड यांची वजने करा. दोन्ही रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी वरवर पुसून पुन्हा वजन करा. विटेने काही शे ग्रॅम पाणी प्यायलेले आढळेल. दगडाचा फरक तराजूला कळेल न कळेल. महाराष्ट्राच्या भूजलाचा निम्मा धडा त्या तराजूवर आहे.

तिसरी : मोठ्या माणसाला बरोबर घेऊन गावातल्या एखाद्या विहिरीवर जा. दोरीला दगड बांधून, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजा. दिवाळीपासून जूनपर्यंतची नोंद एका कागदावर आलेखाच्या रूपाने मांडा. शहरात राहणाऱ्यांनी आपल्या धरणातील साठ्याचे वर्तमानपत्रात येणारे आकडे टिपून ठेवावेत.

आणि या नोंदींसाठी एकच वही करा. तिच्यावर 'भूगोल' असेही लिहू नका आणि 'विज्ञान' असेही लिहू नका. नुसते 'पृथ्वी' असे लिहा. वर्षअखेरीस ती वही आपल्या दोन्ही शिक्षकांना दाखवा, आणि जमल्यास ग्रामसभेत नेऊन विहिरीचा आलेख मोठ्या माणसांपुढेही ठेवा. त्यावर चर्चा झाली, तर तुमचे दोन्ही धडे पूर्ण झाले असे खुशाल समजा.