कुत्र्याच्या तोंडावरील चामखिळी

आमच्या शेजारी मल्लेश्वरमात दहा महिन्यांचे एक कुत्रे आहे. मध्यंतरी त्याच्या ओठांवर फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे पांढुरके, खरखरीत उंचवटे दिसू लागले. घरात एकच गडबड उडाली. आजीबाईंनी ते घोड्याच्या केसाने आवळून बांधण्यास सांगितले. कोणी चुना लावण्याचे सुचविले. मुलांना तर कुत्र्याजवळ जाण्याचीही बंदी झाली. सुदैवाने हे उपाय होण्यापूर्वीच त्यास पशुवैद्याकडे नेण्यात आले.

त्या चामखिळी निघाल्या. त्यांचे कारण एक विषाणू आहे, हे डीमॉनब्रन व गुडपाश्चर या अमेरिकन संशोधकांनी १९३२ साली दाखवून दिले. हा विकार बहुधा दोन वर्षांखालील कुत्र्यांना होतो. एकमेकांशी खेळताना किंवा एकाच भांड्यातून पाणी पिताना त्याचा संसर्ग होतो, आणि एक-दोन महिन्यांनी ओठ, हिरड्या व जीभ यांवर चामखिळी उगवतात. शरीराची प्रतिकारशक्ती जागृत झाली, की त्या बहुधा काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांनी, आपोआप गळून पडतात. हा विषाणू माणसांना किंवा मांजरांना बाधत नाही. म्हणून मुलांना भिण्याचे कारण नाही. मात्र तोवर त्या कुत्र्यास इतर कुत्र्यांत मिसळू देऊ नये. चामखिळी कापणे वा जाळणे टाळावे. त्याने रक्तस्राव होतो, जखम चिघळते. खाणेपिणे अडू लागले, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

परंतु तोंडाजवळची प्रत्येक गाठ म्हणजे चामखीळ नव्हे. तरुण कुत्र्याच्या हनुवटीवर मुरुमांसारख्या पुटकुळ्या येतात. केस झडून त्वचा लाल झाली असेल, तर खरजेचा संशय घ्यावा. वयस्क कुत्र्याच्या तोंडात एखादीच गाठ झपाट्याने वाढत असेल, तीतून रक्त येत असेल, तोंडास दुर्गंधी असेल अथवा दात हलू लागले असतील, तर तो कर्करोग असू शकतो. अशा वेळी ‘आपोआप जाईल’ म्हणून थांबणे घातक ठरते. गाठीचा अंश काढून तपासल्यावाचून निदान निश्चित होत नाही.

आणखी एक सावधगिरी! कुत्रे विचित्र वागत असेल, लाळ गाळत असेल, त्यास गिळता येत नसेल, तर त्याच्या तोंडात हात मुळीच घालू नये. ती पिसाळल्याची लक्षणे असू शकतात. लाळ जखमेस लागल्यास ती जागा साबण व पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

बंगळूरच्या हेब्बाळ भागात १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे किंवा जवळच्या पशुवैद्याकडे कुत्र्यास दाखवावे. मुक्या प्राण्यास आपले दुखणे सांगता येत नाही. ते वेळीच पाहणे हे त्याच्या धन्याचे कर्तव्य होय.