मूड ऑफ, मत कुणाला?

अप्रेझलचा निकाल लागला त्या आठवड्यात मी जाम पेटलो होतो. 'सगळे चोर आहेत' छापाचे जे व्हिडिओ एरवी बघतही नाही, ते चक्क आवडायला लागले. दोन तर ग्रुपवर फॉरवर्डही केले.

आणि नेमका तेव्हाच यान अल्गाँ आणि मंडळींचा फ्रान्सच्या २०१७ च्या निवडणुकीवरचा अभ्यास वाचनात आला. पहिल्या फेरीत उजव्या मारीन ल पेनना २१.३ टक्के मतं, डाव्या मेलाँशाँना १९.६. दोघांचेही मतदार आयुष्यावर वैतागलेले. मग फरक कुठे? तर अनोळखी माणसावरच्या विश्वासात! मेलाँशाँवाल्यांकडे तो भरपूर, ल पेनवाल्यांकडे अगदीच कमी.

वाचून चरकलोच. वैताग काय, पुढच्या इन्क्रिमेंटला जाईलही. पण विश्वासाचं काय? डोंबिवलीला आईची किल्ली कायम शेजारच्या काकूंकडे असते. इथे समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, हे मला तीन वर्षांत कळलेलं नाही.

काल धीर करून बेल वाजवली. भिंगातून कुणीतरी बघितलं. दार काही उघडलं नाही. (खरं सांगू? मीही उघडलं नसतं.)