दोघंही बरोबर, फोटो मात्र चुकीचा

कॅमेऱ्याच्या मेनूत खूप आत एक ओळ लपलेली असते. कॅननवाले तिला एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट म्हणतात, निकॉनवाले एएफ फाइन-ट्यून. काम एकच : अमुक लेन्स लावली की ऑटोफोकस थोडा पुढे किंवा थोडा मागे सरकवायचा. माझ्या ओळखीतल्या बहुतेक डीएसएलआरवाल्यांनी ती ओळ कधी उघडलेली नाही, आणि ज्यांनी उघडली त्यांचे सगळे रविवार तिथेच जातात :) मला विचाराल तर दोन्ही गट चुकतायत. पण त्यांच्यापेक्षा जास्त चुकल्या त्या कंपन्या, ज्यांनी स्वस्त कॅमेऱ्यांत ही ओळच दिली नाही.

आधी भानगड काय ते बघू. डीएसएलआरमध्ये फोटो एकीकडे उमटतो आणि फोकस दुसरीकडेच मोजला जातो. लेन्समधून आलेला उजेड मुख्य आरशावर पडतो, त्यातला बराचसा वर व्ह्यूफाइंडरकडे जातो. थोडा उजेड त्या अर्धपारदर्शक आरशातून पलीकडे जाऊन मागच्या छोट्या आरशावर पडतो आणि खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या ऑटोफोकस सेन्सरकडे वळतो. या वाटेचा आणि फोटोच्या सेन्सरपर्यंतच्या वाटेचा हिशोब तंतोतंत जुळायला हवा. कारखान्यात तो जुळवतात, पण कारखान्यातलं तंतोतंत म्हणजे 'ठरवलेल्या टॉलरन्सच्या आत'. लेन्सचंही तसंच. बॉडी मर्यादेत राहून जराशी मागे चुकणारी, लेन्सही मर्यादेत राहून जराशी मागेच चुकणारी. दोघी एकत्र आल्या की बेरीज. (विरुद्ध दिशांना चुकणाऱ्या निघाल्या तर वजाबाकी, आणि मग मालक जगाला सांगत फिरतो की आपली कॉपी एकदम कडक आहे.) आपल्या धंद्यातल्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. दोन्ही मॉड्यूलच्या युनिट टेस्ट पास, इंटिग्रेशन फेल.

माझ्या ५० एमएमच्या बाबतीत सर्व्हिस सेंटरने अगदी हेच उत्तर दिलं. लेन्स तपासली, स्पेकमध्ये आहे. बॉडी तपासली, स्पेकमध्ये आहे. दोन वेगळे कागद, दोन्हींवर शिक्का. आणि आजीच्या पंचाहत्तरीच्या फोटोत तिचे डोळे मऊ, कानातल्या कुडीचे मोती मात्र मोजून घ्यावेत इतके लख्ख. काउंटरवरचा माणूस खोटं बोलत नव्हता, आणि माझा मुद्दा तोच आहे. दोष जोडीचा असेल तर दुरुस्तीची किल्लीही जोडी ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेच हवी.

यावर ठरलेलं उत्तर असतं : "एवढं काय, एफ/८ वर काढ की!" अहो, एफ/१.८ ची लेन्स एफ/१.८ वर वापरायलाच घेतली ना? छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० एमएम पूर्ण उघडी ठेवून मीटरभरावरून चेहरा टिपला तर स्पष्ट दिसणारी जाडी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. तिथे दोन सेंटिमीटरची चूक म्हणजे फोटो गेलाच. उलट १८-५५ किट लेन्स एफ/५.६ वर वापरत असाल तर तेवढी चूक सहसा दिसणारही नाही; खुशाल झोप काढा.

ही सोय २००७ मध्ये कॅनन १डी मार्क ३, निकॉन डी३ आणि डी३०० मध्ये आली. उणे २० ते अधिक २० असा एक आकडा, जो बॉडी त्या लेन्सच्या नावाने लक्षात ठेवते. पुढच्याच वर्षी कॅननच्या ५०डी मध्येही ती होती. मग २०१० मध्ये ६०डी आला आणि सोय गायब! २०१३ च्या ७०डी मध्ये परत हजर. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० या मालिकांमध्ये तर ती कधीच नव्हती. म्हणजे जो माणूस पहिला कॅमेरा घेतो आणि त्यावर पहिली हौसेची लेन्स म्हणून स्वस्तातली एफ/१.८ घेतो, नेमका त्यालाच हा आकडा बदलता येत नाही. मेमरीत ठेवायचा एक आकडा, त्याची किंमत ती काय! मला तरी यात तंत्रज्ञानापेक्षा मार्केटिंगच दिसतं.

आता रविवारवाल्यांकडे. एक फोटो काढायचा, झूम करून बघायचं, अधिक ३ करायचं. पुन्हा एक फोटो, आता उणे ५. लॉगमधली एक ओळ बघून प्रॉडक्शनचं कॉन्फिग बदलण्यातला हा प्रकार. ऑटोफोकस दर वेळी थोडा वेगळा थांबतो, ते त्याच्या स्वभावातच आहे. म्हणून निदान दहा फोटो काढा, आणि प्रत्येकाआधी फोकस मुद्दाम बिघडवून घ्या. दहाही फोटो एकाच बाजूला सरकलेले असतील तर दुरुस्ती करा : फोकस मागे पडत असेल तर उणे, पुढे पडत असेल तर अधिक. चार पुढे, तीन मागे, तीन बरोबर असा प्रकार असेल तर कुठलाही आकडा तुम्हाला वाचवणार नाही. तिथे हात हलतोय, उजेड कमी आहे किंवा लेन्सच तशी आहे.

बाकी फार सोपं आहे. ट्रायपॉड, दिवसाचा उजेड, अॅपर्चर पूर्ण उघडं, मधला फोकस पॉइंट. तिरप्या पट्टीवर थेट फोकस करू नका, कारण प्रत्यक्ष पॉइंट व्ह्यूफाइंडरमधल्या चौकोनापेक्षा मोठा असू शकतो आणि तो पट्टीवरचा भलताच आकडा पकडतो. सपाट, ठळक छापाचा कागद सरळ उभा करा आणि पट्टी त्याच्या शेजारी ठेवा. अंतर साधारण फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पट धरतात. मी मात्र जिथून माणसांचे फोटो काढतो त्याच अंतरावर करतो, कारण एका अंतरावर जुळलेला आकडा दुसऱ्या अंतरावर जुळेलच असं नाही. झूमची तर तऱ्हाच वेगळी. कॅननने ५डी मार्क ३ पासून, म्हणजे २०१२ पासून, झूमच्या दोन टोकांना दोन आकडे दिले. सिग्माच्या यूएसबी डॉकवर त्यांच्या झूम लेन्सला चार फोकल लेंग्थ गुणिले चार अंतरं असे सोळा आकडे भरता येतात. सोळा! तो रविवार मी केलेला नाही, करणारही नाही.

मिररलेसमध्ये फोकस फोटोच्या सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे ही दुसरी वाटच नाही. म्हणूनच लोक तिकडे गेलेत आणि चांगले डीएसएलआर सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळतायत. घ्यायला जाल तेव्हा शटर काउंट विचाराच, पण आपली सगळ्यात उघडी लेन्सही सोबत न्या. एकाच वस्तूचे पाच फोटो व्ह्यूफाइंडरमधून काढा, पाच लाइव्ह व्ह्यूमधून. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर उचललेला असतो आणि फोकस खऱ्या सेन्सरवरच ठरतो, त्यामुळे ते पाच फोटो हा तुमचा ताळा. दोन्ही गठ्ठ्यांत नेहमी एकाच बाजूचा फरक दिसला, तर पैसे मोजण्याआधी मेनूत ती ओळ आहे का ते तिथेच उघडून बघा.