खिडकीतली भुईरिंगणी

परवा आत्या आली आणि खिडकीतली कुंडी बघून म्हणाली, "अरे, काटेरी झाड कुणी घरात ठेवतं का? आणि तेही रिंगणी! लहानपणी माळावर अनवाणी फिरताना हिचेच काटे पायात मोडायचे."

आत्याचं काही चुकलं नाही. भुईरिंगणीच्या पानावर, अगदी शिरांवरसुद्धा, सरळ पिवळे काटे असतात. पाणी घालतानाही हात जपावा लागतो.

मग आणली कशाला? आमच्या राजगुरुनगरच्या सोसायटीमागे एक पडीक तुकडा होता. पावसाळा सरला की तिथे रिंगणी जमिनीला चिकटून पसरायची. जांभळी फुलं, मधे पिवळे पुंकेसर, थेट वांग्याच्या फुलासारखी. वांगं, बटाटा, टोमॅटो हे हिचे सख्खे भाऊबंदच. फळं आधी पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची, पिकली की पिवळीधमक. दशमुळातली कंटकारी ती हीच. लिनियसने १७५३ मध्ये हिच्या शास्त्रीय नावात चक्क अमेरिकेतलं व्हर्जिनिया घालून ठेवलं, पण ही आपल्या मातीतली.

पुणे-नाशिक रस्त्याने चाकणकडून वस्ती सरकत येतेच आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या तुकड्यावर जेसीबी येणार असं कळलं, तेव्हा मी दोन पिकलेली फळं तोडून आणली आणि बिया पेरल्या.

पहिलं रोप मी लाडाने मारलं. रोज पाणी, वर शेणखत. मुळं कुजली. दुसऱ्याला मुरूम मिसळलेली माती, पसरट आणि खोल कुंडी आणि दक्षिणेची खिडकी दिली. माती वरून कोरडी झाली तरच पाणी. रिंगणी खूश! थंडीत फुलं आली.

आली आणि गळून गेली. एक फळ धरेना. मग थोडं वाचलं तेव्हा उलगडा झाला. या फुलांचा पराग पुंकेसराच्या नळीत बंद असतो आणि टोकाच्या बारीक भोकातूनच बाहेर पडतो. भुंगा फुलाला लटकतो, अंग थरथरवतो, तेव्हा पराग सांडतो. आपल्या मधमाशीला ही कला जमत नाही. आणि आमच्या खिडकीला तर डासांची जाळी! शेवटी मी बॅटरीवरचा टूथब्रश चालू करून फुलाच्या देठाला टेकवला. पिवळी भुकटी उडाली. तीन फळं धरली. घरात सगळे पोट धरून हसले.

मीही हसलो. पण मग वाटलं, आपण "झाड वाचवलं" म्हणून मिरवतो आहोत ते कशाच्या जोरावर? झाड घरात आणलं, भुंगा बाहेरच राहिला. त्याला घर करायला वाळकं लाकूड लागतं, वर्षभर कुठली ना कुठली फुलं लागतात. ते सगळं त्या "रिकाम्या" तुकड्यावर होतं. वांग्या-टोमॅटोच्या फुलांनाही हाच भुंगा उपयोगी पडतो. म्हणजे ज्या जागेला आपण पडीक म्हणतो, ती शेजारच्या मळ्याचं काम करत होती.

म्हणून माझं मत असं: रानझाड कुंडीत जरूर लावा, त्याच्याकडून शिकायला मिळतं. पण कुंडी म्हणजे माळ नव्हे. सोसायटीच्या कुंपणालगतची दहा फूट पट्टी तशीच रानटी राहू द्यावी, असं मी बैठकीत सुचवलं. "साप येतील", "बकाल दिसेल" अशी उत्तरं मिळाली. सापाची भीती मला खोटी वाटत नाही. पट्टी मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब असावी हे मान्य. पण बकाल? फरशी घातली की सगळं देखणं होतं का?

आत्याची एक सूचना मात्र लगेच पाळली. दिवाळीत भाचीची तीन वर्षांची लेक येणार आहे. फळं दिसायला गोंडस, पण विषारी. "औषधी आहे" म्हणून कुणी घरच्या घरी प्रयोग करू नयेत, आणि लहान मुलं किंवा मांजर असेल तर हे झाड हाताशी ठेवूच नये. मी तिन्ही फळं काढून बिया वाळवून ठेवल्या आहेत.

पुढच्या बैठकीत पट्टी मंजूर झाली तर तिथे पेरीन. नाही झाली तर? डबीतल्या बिया आणि टूथब्रश, एवढंच आपल्याकडे उरेल. असो.