गृहारोग्य : अंथरुणांतील धूळ

ठाणें जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यांतील दापोडें गांवीं आज गोदामांच्या रांगा असून मालमोटारींची वर्दळ अखंड चालू असते. भिवंडीचे यंत्रमागही दूर नाहींत. अशा ठिकाणीं घरांतील मुलाला पहांटे शिंकांवर शिंका येऊं लागल्या, धाप लागूं लागली, कीं सारा दोष रस्त्याच्या धुळीला देऊन खिडक्या लावून घेतल्या जातात. ती धूळ निरुपद्रवी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि ज्याला अंथरुणांत पडतांना व उठतांना अधिक त्रास होतो, त्याचें कारण बहुधा रस्त्यावर नसून उशींत असतें.

१९६४ सालीं हॉलंडांतील लायडेन येथील व्होरहोर्स्ट, स्पीक्स्मा प्रभृति संशोधकांनीं घरांतील धुळीच्या विकाराचा संबंध ‘डस्ट माइट’ नामक जीवाशीं जोडून दाखविला. हे गोचिडीचे दूरचे आप्त; लांबी सुमारें पाव मिलिमीटर. ते चावत नाहींत. आपल्या अंगावरून झडणारा त्वचेचा कोंडा हें त्यांचें अन्न. पाणी न पितां हवेंतील ओल ते शोषून घेतात. त्यांची विष्ठा धुळीबरोबर श्वासांत जाते, व तीच मुख्यतः बाधते. हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांखालीं राहिल्यास ते सुकून मरतात. परंतु कोंकणांत पावसाळाभर ती याहून पुष्कळच अधिक असते. चरकसंहितेनेंही श्वासरोगाच्या कारणांत धूळ व धूर यांजबरोबर शीत स्थान गणलें आहे.

तेव्हां उपाय काय? पावसाळा सरतांच गाद्या कडक उन्हांत घालाव्या, हा जुना प्रघात योग्यच आहे. पण उन्हानें जीव मेले तरी त्यांचा मळ गादींतच राहतो. म्हणून गादी-उशीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घालावी, आणि चादरी, अभ्रे व पांघरुणें दर आठवड्यास ६० अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत धुवावीं. या दृष्टीनें जुन्या लुगड्यांची पातळ गोधडी जाड रजईपेक्षां श्रेष्ठ. ती धुतां येते. केर काढल्यावर ओल्या फडक्यानें पुसावें, व तोंवर आजारी मुलास त्या खोलींत ठेवूं नये. पावसाळ्यांत ओले कपडे निजावयाच्या खोलींत वाळत घालूं नयेत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. एकत्र कुटुंबांत मुलाला धाप लागली, कीं ‘आईनें थंड पाणी दिलें’ असा ठपका तिच्यावर येतो. मुलीचा दमा तर विवाहाच्या चिंतेनें लपविला जातो, आणि सवय लागेल या भीतीनें डॉक्टरांनीं दिलेला इन्हेलर बंद होतो. असें केल्यानें जीवावर बेतूं शकतें. औषध त्यांच्या सल्ल्यावांचून थांबवूं नये. वरील स्वच्छता औषधाच्या जोडीला आहे, त्याच्या जागीं नव्हे. आणि दहा माणसांच्या गाद्या गच्चीवर नेण्याचें काम एकट्या सुनेवर न टाकतां घरांतील पुरुषांनीं करावें. निजावयास तेही त्याच गाद्यांवर असतात.