सारखेपणाची पारख

एखादा साहसखेळ संपला, की खेळाडूला चुकल्याचुकल्यासारखे वाटते व तो 'तसाच' दुसरा खेळ शोधू लागतो. 'तसाच' म्हणजे कसा, हे मात्र तो क्वचितच ठरवतो. वेष्टनावरचे चित्र पाहून पैसे मोजतो आणि पुष्कळदा पस्तावतो.

चित्र फसवे असते. बेंगळुरूमध्ये १९९७ साली स्थापन झालेल्या 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह'च्या कलाकारांनी परदेशी खेळांसाठी वर्षानुवर्षे दृश्ये व वाहने घडवली. २०१९ मध्ये ही संस्था अमेरिकेच्या 'रॉकस्टार'ने घेतली. बाह्य रूप असे मागणीनुसार कोठेही घडवता येते. खरे साम्य खेळाडूला कराव्या लागणाऱ्या कृतीत असते. १९८९ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त राजकन्येला सोडवण्यास अवघी ६० मिनिटे मिळत. पुण्यात तयार झालेल्या 'राजी' (२०२०) या खेळात राजस्थानी धाटणीचे महाल आहेत, नायिकेच्या हाती त्रिशूळ आहे आणि ती धाकट्या भावाला शोधते आहे. तरीही कठड्याला लोंबकळणे, उडीचा अचूक अंदाज घेणे, ही मौज तीच! ज्याला केवळ बंदुकीच्या चकमकी प्रिय, त्याला 'राजी' कदाचित कंटाळवाणी वाटेल. ज्याने उडीपूर्वी श्वास रोखला असेल, त्याने ती अवश्य खेळावी.